स्क्रीनवर हिरवा ठिपका, देवगडात काळोख

मे महिन्याचा दुसरा आठवडा. आंबा पल्पच्या कारखान्यात या दिवसांत जेवणसुद्धा उभ्यानंच उरकावं लागतं. रत्नागिरीजवळच्या आमच्या कारखान्यात मी एमआयएस, म्हणजे रोजच्या आकड्यांचा हिशेब आणि अहवाल, बघते. त्या सीझनला माझा डॅशबोर्ड पहिल्यांदाच सुरू झाला होता आणि खरं सांगायचं तर मी जरा हवेतच होते. पावसपासून देवगडापर्यंत 23 खरेदी केंद्रं. काट्यावर क्रेट चढलं की तिथला पोरगा मोबाइलवर वजन टाकणार, आणि 30 सेकंदांत ते साहेबांच्या केबिनमधल्या टीव्हीवर. कोपऱ्यात ‘लाईव्ह’ असा हिरवा ठिपका लुकलुकायचा. तो मीच हौसेनं टाकला होता.

सकाळी साडेदहाला टीव्ही लाल झाला. एरवी त्या वेळेपर्यंत 18 टन आवक व्हायची, आज 6. आवक निम्म्याच्या खाली गेली की ‘दर 3 रुपयांनी वाढवा’ अशी सूचना यायची. तो नियमही माझाच. दुसरं कुणीतरी आपला माल ओढतंय, असा साहेबांना आठवडाभर संशय होताच. केंद्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसाठी मेसेज टाइप करून तयार होता. कॅनिंगचा, म्हणजे पल्पसाठीच्या आंब्याचा, दर एकदा जाहीर केला की दिवसभर तरी खाली आणता येत नाही. आणलाच, तर पुढच्या वर्षी दलाल फोनही उचलणार नाही. दिवसाच्या 40 टनांवर किलोमागे 3 रुपये, म्हणजे 1 लाख 20 हजार.

तेवढ्यात खरेदी बघणारे तात्या आत आले. टीव्हीकडे त्यांनी नेहमीसारखी पाठच केली होती. म्हणाले, "काय गो, देवगडाकडची शेवटची नोंद किती वाजताची?"

मी मागचं टेबल उघडलं. रात्री 9:12. राजापूर, जैतापूर, नाटे, सगळीकडे तीच तऱ्हा. तिथून आज शून्य किलो आलं नव्हतं. तिथून काही कळलंच नव्हतं. माझ्या बेरजेनं रिकाम्या रकान्याला शून्य धरलं होतं, आणि हिरवा ठिपका दर 30 सेकंदांनी तेच शून्य ताजं करून दाखवत होता.

मोबाइल एकही लागेना. शेवटी देवगडच्या एका पेट्रोल पंपाचा लँडलाईन लागला. पलीकडून आमच्या केंद्रवाल्याला बोलावून आणलं. "राती वारो केदो इलो! लाइट नाय, टॉवर नाय. आंब्याचो सडो पडलोहा कलमांखाली."

म्हणजे माल कमी नव्हता, उलट अंगावर येणार होता, आणि तोही पडीचा. आपटलेला आंबा आतून काळा पडतो. कोवळा असेल तर अढीत सुरकुततो पण गोडीला येत नाही, आणि पल्पचा ब्रिक्स, म्हणजे गोडीचं माप, खाली ओढतो. तात्यांनी पडीच्या मालाला वेगळा, कमी दर सांगितला, शेडमध्ये त्याची जागा वेगळी केली आणि निवडायला दहा बायका जास्तीच्या बोलावल्या. साहेबांनी मेसेज पुसला. मला कुणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं.

दुपारी 3:40 ला टॉवर आला. फोनमध्ये अडकलेल्या नोंदी धडाधड उतरल्या आणि चार मिनिटांत आकडा 9 वरून 37 वर गेला. आता दुसरीच गंमत. वजन सकाळी झालेलं, पण सिस्टिमनं वेळ धरली नोंद पोचली ती. आलेखात एकदम ताडाएवढा खांब. उत्पादनाच्या सुपरवायझरनं तो बघितला आणि रात्रपाळीची माणसं बोलावली. प्रत्यक्षात त्यातल्या निम्म्या गाड्या आधीच दारात उभ्या होत्या.

त्या रात्री घरी गेलेच नाही. प्रत्येक नोंदीला दोन वेळा दिल्या: काट्यावर वजन झालं ती आणि आमच्याकडे पोचली ती. आलेख पहिलीवर. 45 मिनिटं नोंद नाही आली की त्या केंद्राचा चौकोन करडा. आकड्याखाली ‘23 पैकी 16 केंद्रं’ असं लिहून यायला लागलं, आणि 20 पेक्षा कमी केंद्रं बोलत असतील तर दराची सूचना बंद. हिरवा ठिपका काढून टाकला.

साहेबांना करडे चौकोन आवडत नाहीत. टीव्ही आजारी दिसतो म्हणतात. तात्या मात्र हल्ली आत आले की आधी तेच मोजतात, आणि मग खिशातली डायरी काढून पंपाचा नंबर फिरवतात.