नॉट आउट

आठवीत भाषा निवडायचा फॉर्म आला तेव्हा हुशार मुलांनी संस्कृत घेतलं, बाकीच्यांनी हिंदी. जर्मन घेणारे आम्ही अकरा. कुणाला रूपं पाठ करायची नव्हती, कुणाचा मामा जर्मनीत होता, आणि मी बाकावरच्या मित्राने घेतलं म्हणून घेतलं. जून १९९०.

तास शाळेआधी, पावणेसातला, चित्रकलेच्या वर्गात. बाई पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकलेल्या, शाळेत मानधनावर, लूनावरून यायच्या. आमच्या पुस्तकातल्या नकाशात दोन जर्मनी होते. ३ ऑक्टोबरला ते एक झाले आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी प्रत्येकाला मधली रेघ खोडायला लावली. माझं पान फाटलं.

बाई इंग्रजीच्या वाटेला जातच नसत. "मराठी येतं ना? मग अर्धं काम झालंय," म्हणायच्या. आपल्यासारखीच तीन लिंगं. ते घर, दास हाउस. ते पाणी, दास वासर. ते पुस्तक, दास बूख. सोनंसुद्धा जुळलं. आम्ही खूश! मग दूध आलं आणि ते स्त्रीलिंगी निघालं. मुलगी, म्हणजे मेडशेन, चक्क नपुंसकलिंगी निघाली तेव्हा मागून हशा उसळला. बाई शांतपणे म्हणाल्या, "आणि 'ते लेकरू' कोण म्हणतं? जर्मन?"

आकड्यांचंही तेच. इंग्रजी वीस आधी सांगते. आपण एक आधी, एकवीस. जर्मनही एक आधी: आइन-उंट-त्स्वान्त्सिश. 'उंट' म्हणजे 'आणि', पण वर्षभर आम्ही आकडे म्हणताना उंटच हाकत होतो.

वार्षिक परीक्षेच्या आधी हेडसरांनी सांगितलं, पुढच्या आठवीत पंधरा मुलं झाली नाहीत तर जर्मन बंद. बाईंचं मानधन शाळा स्वतःच्या खिशातून देत होती. तेव्हा सरांचा फार राग आला. आता येत नाही. मीही महिन्याच्या सात तारखेला पगार वाटतो.

मग सुट्टीत सातवीच्या मुलांचे पत्ते मिळवून आम्ही सायकलवरून निघालो. सदाशिव, नारायण, शनिवार पेठ. प्रत्येक घरी सरबत, आणि प्रत्येक घरी एकच प्रश्न: "मार्क पडतात का?" बाईंनी बजावलं होतं, खोटं बोलायचं नाही. त्यांनी शिकवलेलं उत्तर वेगळंच होतं: लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात जर्मन शिकायला घेतली होती. या उत्तरावर एक आजोबा विरघळले, नातवाला न विचारताच त्याचं नाव दिलं. बाकी घरांत टिळकांचं काही चाललं नाही. तिसऱ्या रविवारी मी सरळ सांगू लागलो, "काकू, पैकीच्या पैकी." सतरा नावं झाली. त्यांतली निदान सहा माझ्या थापेची. पुढे बोर्डात मला स्वतःला ६८ पडले, तेव्हा त्यातल्या एका काकूंना चुकवायला मी बरेच दिवस लांबच्या बोळातून जायचो.

चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. आमच्या हाताशी तेव्हा हा मुद्दा असता तर एका रविवारात काम झालं असतं! पण खरं सांगू, बरं झालं नव्हता. नोकरीसाठी भाषा घेणाऱ्यांना लेकराचा विनोद शिकवायला वेळ कुणाला असतो?

मी जर्मनीला कधी गेलो नाही. भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. तिथे एक जुनं जर्मन ग्राइंडिंग मशीन घेतलं. त्याच्या लाल बटणावरची अक्षरं वाचून फिटर म्हणाला, "साहेब, हे नॉट आउट काय आहे?" ते होतं 'नोट-आउस'. 'नोट' म्हणजे आणीबाणी, 'आउस' म्हणजे बंद. मशीन बेफाम झालं की दाबायचं बटण! मी भर शॉपमध्ये इतका हसलो की पोरं घाबरली. संध्याकाळी बाईंना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, "'नोट'चं लिंग?" मी चुकलो. स्त्रीलिंगी आहे.

स्मरणिकेच्या निमित्ताने शाळेत गेलो होतो. यंदा आठवीत जर्मनला नऊ जण आहेत म्हणे, आणि पुढच्या वर्षीचं काही ठरलेलं नाही. कार्यालयाला विनंती: सातवीच्या पालकांचे पत्ते काढून ठेवा. आमच्यातले सात जण पुण्यातच आहेत, आणि रविवार मोकळे आहेत. या वेळी मार्कांचं दुसऱ्या कुणीतरी बोलावं.