बाँड म्हणजे विमा नव्हे

अमेरिकेत बांधकाम ठेकेदारीचे नियम राज्यागणिक बदलतात. वॉशिंग्टन राज्यात नोंदणीसाठी जनरल कॉन्ट्रॅक्टरला, म्हणजे अनेक प्रकारची कामं घेणाऱ्या ठेकेदाराला, ३०,००० डॉलरचा बाँड (ठेकेदारासाठी हमीदार कंपनीनं दिलेली लेखी हमी) लागतो, एकाच प्रकारचं काम करणाऱ्याला १५,००० चा. दायित्व विमा वेगळा. कॅलिफोर्नियात २०२३ पासून बाँड २५,००० चा. एवढी रक्कम भरायची नसते, भरायचा तो हप्ता, आणि तो तुमची आर्थिक पत पाहून ठरतो. पण ग्राहकाचा दावा खरा ठरला तर हमीदार कंपनी त्याला पैसे देते आणि मग तुमच्याकडूनच वसूल करते!

अर्ज बऱ्याचदा नावावरच अडकतो. नोंदणीत कंपनीच्या नावापुढे ‘एलएलसी’ (मर्यादित दायित्व कंपनी) आहे, बाँडवर नाही, एवढ्यानंही कागद परत येतो. बाँड रद्द झाला की परवाना निलंबित. कॅलिफोर्नियात विनापरवाना केलेल्या कामाचे पैसे कोर्टातूनही मागता येत नाहीत.