वद्य द्वादशीची सहल

कर्णबधिर मुलांना छायाबाहुल्यांच्या खेळाला न्यायचे ठरले की सर्वांत मोठी अडचण अंधाराची येते, आणि सहलीच्या नेहमीच्या नियोजनात तिचा विचार कुणी करत नाही. आमची निवासी शाळा घाटमाथ्यावर आहे. वरच्या वर्गांची हिवाळी सहल कोल्हापूर आणि सावंतवाडी अशी ठरली होती. तिला जोडून एका दिवसात वेंगुर्ल्याचा समुद्र आणि पिंगुळीचा बाहुल्यांचा खेळ बसवण्याचे काम मुख्याध्यापकांनी माझ्याकडे सोपवले. मी वर्गात खुणांच्या भाषेतून मराठी आणि इतिहास शिकवते, त्यामुळे खेळ चालू असताना दुभाषी म्हणून उभे राहण्याची जबाबदारीही ओघानेच माझ्याकडे आली.

पिंगुळी हे सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळला लागून असलेले गाव. तिथला ठाकर समाज चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या कला पिढ्यानपिढ्या सांभाळत आला आहे. सावंतवाडी संस्थानच्या काळात या कलांना राजाश्रय होता. तो गेल्यावर पुष्कळ घरांतल्या पोथ्या आणि बाहुल्या पेटाऱ्यांतच राहिल्या. ज्यांनी त्या पुन्हा लोकांपुढे आणल्या त्यांपैकी परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली आणि त्यांनी आपल्या घरच्या गोठ्यात उभे केलेले संग्रहालय पाहायला आता दूरदूरचे लोक येतात. आमचा खेळ ज्यांनी केला ते याच वस्तीतले एक ज्येष्ठ कलाकार. फोनवर मी त्यांना मुलांविषयी सांगितले तेव्हा त्यांनी क्षणभर थांबून विचारले, “बाई, मग माझा निवेदन त्यांका कसा पोचतला?” आजवर ज्या ज्या ठिकाणी मी मुलांना घेऊन गेले, तिथे बहुतेकांनी ‘मुले नुसते बघूनही खूश होतील’ असे म्हणून विषय मिटवला होता. हा प्रश्न आधी विचारणारा माणूस भेटला, याचा मला फार आनंद झाला.

तारीख ठरवताना मी पंचांग उघडले. कोकणात भरतीचा ठोकताळा सगळ्यांना पाठ असतो: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी, दुपारी सव्वातीनच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. दुपारी मुलांना किनाऱ्यावर न्यायचे तर हीच तिथी सोयीची. द्वादशी शुद्ध असो वा वद्य, समुद्राला फरक पडत नाही. पण शुद्ध पक्षात संध्याकाळी आकाशात मोठा चंद्र असतो आणि उघड्या अंगणातल्या पडद्यावर सावली फिकी पडते. वद्य द्वादशीला चंद्र पहाटेशिवाय उगवत नाही. एकाच तिथीत दुपारची ओहोटी आणि संध्याकाळचा गडद अंधार असे दोन्ही साधत होते, म्हणून मार्गशीर्ष वद्य द्वादशी पक्की केली. हा ठोकताळा मुंबईच्या किनाऱ्याला अधिक जुळतो, त्यामुळे वेंगुर्ल्याच्या एका मच्छीमाराला फोन करून खात्री करून घेतली. तिकडे पाणी थोडे आधी फिरते, असे त्यांनी सांगितले आणि आम्ही सगळा कार्यक्रम तेवढा अलीकडे ओढला. प्रासंगिक कराराची एसटी, पालकांची संमतिपत्रे, परवानगीचे कागद ही कामे नेहमीसारखी झाली.

वेंगुर्ल्याला आम्ही सागरेश्वरचा किनारा निवडला, कारण तो लांबच लांब आणि मोकळा आहे आणि मागे सुरूचे बन आहे. समुद्रावर ऐकणाऱ्या मुलांना शिक्षक शिट्टीने किंवा हाकेने सांभाळतात. आमच्याकडे ते शक्य नसल्यामुळे दोन बांबूंना लाल कापड बांधून घेतले होते. ओल्या वाळूत पाय बुडतील एवढ्याच पाण्यापर्यंतची हद्द त्या बांबूंनी आखली. एखादा बांबू उचलून आडवा धरला की सर्वांनी त्या क्षणी पाण्याकडे पाठ करून किनाऱ्याकडे यायचे, हे शाळेच्या मैदानावर पुन्हा पुन्हा करून घेतले होते. शिवाय प्रत्येकाला जोडीदार नेमून दिला होता आणि त्या दोघांपैकी एकाची नजर कायम बांबूवर असली पाहिजे, असा नियम होता.

तिथे एक गोष्ट मी प्रथमच इतक्या स्पष्टपणे पाहिली. लाटांचा आवाज इतका होता की माझ्या शेजारी उभ्या असलेल्या ड्रायव्हरकाकांशी मला ओरडून बोलावे लागत होते, आणि त्याच वेळी आमची मुले किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निवांत गप्पा मारत होती. कुणाला कोणता शिंपला सापडला, खेकडा कोणत्या बिळात शिरला, हे पन्नास पावलांवरून हातांनी सांगितले जात होते आणि तिकडून उत्तरही येत होते. भरपूर उजेड आणि मोकळी नजर असली की या मुलांना अंतर आडवे येत नाही. संध्याकाळी त्यांना नेमक्या उलट परिस्थितीत बसायचे होते, याची मला त्या क्षणी फार काळजी वाटली.

पिंगुळीला आम्ही दिवस मावळण्यापूर्वी पोहोचू असेच वेळापत्रक आखले होते, आणि त्यामागे कारण होते. छायाबाहुल्यांच्या खेळात पडदा सोडून सगळीकडे काळोख लागतो. काळोखात दुभाषाचे हात दिसत नाहीत. दिवा लावावा तर सावल्या विरतात. या कोंडीवर तोडगा त्या कलाकारांनीच फोनवर सुचवला होता: आधी उजेडात चित्रकथी करू या, कथा मुलांच्या मनात बसू द्या, मग सावल्या दाखवतो. चित्रकथीच्या पोथीत सुटी चित्रे असतात. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले असतात, आणि कलाकार एकेक चित्र समोर धरून त्यावरची कथा गात, सांगत पुढे जातो. शेणाने सारवलेल्या अंगणात मुले अर्धवर्तुळात बसली, मावळतीचा उजेड चित्रावर आणि माझ्या हातांवर सारखाच पडत होता, आणि सीताहरणाची कथा चित्रामागून चित्र अशी उलगडत गेली. जुन्या शैलीतले बाजूने काढलेले चेहरे, त्यांचे भलेमोठे डोळे, हातांची ठसठशीत ठेवण मुलांना लगेच भावली. पात्रांची खुणांतली नावे आम्ही वर्गातच ठरवून आणली होती: रामासाठी धनुष्याची दोरी ताणायची, रावणासाठी दोन्ही हातांची दहा बोटे डोक्याभोवती धरायची, जटायूसाठी दोन्ही हात पंखांसारखे पसरायचे. कलाकारांनी ती नावे शिकून घेतली आणि चित्र बदलताना स्वतः करून दाखवली. त्या अंगणात मुलांचा आणि त्यांचा जो सलोखा जुळला तो तिथपासून.

अंधार पडल्यावर पडदा बांधला आणि मागे दिवा लावला. मी कुठे उभे राहायचे यावर आमची बरीच चर्चा झाली. तुम्ही पडद्यामागे येऊन हातांची सावलीच पाडा, असे त्यांच्या मदतनीसाने सुचवले. आम्ही करून पाहिले. धनुष्य, पंख, दहा बोटे ओळखू आली. पण वाक्य उमटेना, कारण खुणांच्या भाषेत चेहरा हा व्याकरणाचा भाग असतो. भुवया उंचावल्या की विधानाचा प्रश्न होतो, आणि सावलीला भुवया नसतात. छातीजवळ केलेल्या खुणाही सावलीत एकमेकींत मिसळून जात होत्या. शेवटी पडद्याच्या उजव्या कडेला हातभर अंतरावर मी उभी राहिले, गडद रंगाचा साधा कुडता घातला, आणि जमिनीवर ठेवलेल्या एका छोट्या विजेरीवर पिवळा कपडा गुंडाळून तिचा झोत फक्त माझ्या हातांवर आणि चेहऱ्यावर येईल असा रोखला. पडद्यावर त्याचा कवडसाही पडला नाही.

खेळ सुरू झाला आणि पहिल्याच प्रवेशात खरा पेच समोर आला. ऐकणारा प्रेक्षक कानाने निवेदन ऐकतो आणि त्याच वेळी डोळ्यांनी बाहुली पाहतो. आमच्या मुलांना दोन्ही कामे डोळ्यांनीच करायची होती. ती माझ्याकडे वळली की तेवढ्यात सोन्याचे हरीण उडी मारून निघून जाई, आणि हरणाकडे पाहिले की सीता काय म्हणाली ते राहून जाई. मी हात वर करून खेळ थांबवला आणि पडद्यामागे जाऊन अडचण सांगितली. त्या ज्येष्ठ कलाकारांनी लगेच रीत बदलली. संवाद म्हणून झाला की बाहुली जागच्या जागी धरून ठेवायची, मी सांगून संपवले की विजेरीवर हात ठेवून ती झाकायची, आणि ती झाकली गेली की त्यांनी हालचाल सुरू करायची, असे ठरले. माझा उजेड गेला की मुलांच्या माना आपोआप पडद्याकडे वळत. अशा रीतीने खेळाला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. पण हातात बाहुली उचलून स्थिर धरणे हे केवढे कष्टाचे काम आहे हे मला पडद्याच्या कडेवरून दिसत होते, आणि त्या वयस्क माणसाचा हात शेवटपर्यंत थरथरला नाही. कर्णबधिरांसाठी वाद्यांचा कंप पुरेसा असतो, अशी समजूत पुष्कळांची असते. सारवलेल्या जमिनीतून हुडुक या खेळातल्या तालवाद्याचा कोणताही कंप मुलांपर्यंत येत नव्हता. त्यांना हवी होती ती कथा, आणि ती पूर्ण हवी होती.

रावण सीतेला घेऊन निघाला, तिचा विलाप सुरू झाला, मी तो सांगत होते. प्रवेश संपल्यावर सातवीतल्या एका मुलाने हात वर केला आणि मला विचारले की सीता रडत असताना रावण काय बोलत होता. मी म्हटले, रावण काहीच बोलत नव्हता. तो ऐकेना. बोलत होता, त्याने ठामपणे खूण केली, त्याचा हात हलत होता. शेजारच्या दोन मुलींनीही तेच सांगितले. छायाबाहुल्यांची रीत अशी की जी बाहुली बोलते ती हलते आणि ऐकणारी स्थिर राहते. ही रीत मुलांना कुणी सांगितली नव्हती, त्यांनी ती पहिल्या दोन प्रवेशांत स्वतःच ताडली होती. मी पडद्यामागे मुलाचा प्रश्न पोहोचवला. रावणाची बाहुली त्या वेळी मदतनीस तरुणाच्या हातात होती, आणि विलापाच्या ठेक्यावर त्याचा हात नकळत हलत होता. ज्येष्ठ कलाकार पडदा बाजूला करून बाहेर आले आणि त्या मुलाजवळ बसून म्हणाले, “इतकी वर्षां खेळ करतंय, ह्यां आजपर्यंत कोणाच्या ध्यानात येवूक नाय.” मी ते वाक्य खुणांनी सांगितले. ऐकणाऱ्या प्रेक्षकाला कोण बोलते आहे हे आवाजावरूनच कळते, म्हणून बाहुलीच्या अशा चुकीकडे त्याच्या डोळ्यांचे लक्ष जात नाही; या मुलांना हालचालीवाचून दुसरा आधारच नव्हता. त्यानंतर विलापाचा तो भाग पुन्हा केला गेला, रावण या वेळी पूर्ण निश्चल राहिला, आणि मुलाने समाधानाने मान हलवली.

जटायूच्या युद्धाला मी जवळजवळ काही सांगितलेच नाही. चामड्याला पाडलेल्या बारीक भोकांमधून पंखांच्या पिसांवर उजेड सांडत होता; पंख छाटला गेल्यावर बाहुली तिरकी होऊन पडद्याच्या खालच्या कडेपर्यंत घसरत आली, आणि एकाही मुलाची मान माझ्या बाजूला वळली नाही. खेळ संपल्यावर मुलांनी त्याच युद्धाची पुन्हा मागणी केली आणि तिही पूर्ण झाली.

नंतर दिवे लागले आणि कळसूत्री बाहुल्या बाहेर आल्या. मुले दोऱ्यांभोवती जमली. कोणती दोरी मानेची, कोणती मनगटाची, दोन बोटांत दोन दोऱ्या धरून एक ढिली कशी सोडायची, हे कलाकारांनी एकेकाच्या हातात बाहुली देऊन शिकवले. बोलण्याची गरज त्या तासात कुणालाच फारशी पडली नाही. ज्या मुलांची बोटे दिवसभर भाषा बोलतात त्यांना बोटे सुटी सुटी हलवण्याची सवय असते, आणि त्याचा फायदा तिथे उघड दिसत होता. मदतनीस तरुण त्या सातवीतल्या मुलाला रावणाची बाहुली धरायला लावून स्वतः समोर बसला होता आणि चूक झाली की हात वर करत होता.

परत आल्यावर आम्ही त्या कलाकारांना शाळेत कार्यशाळेसाठी बोलावले आहे. सीताहरणाचाच प्रवेश मुले करणार आहेत. निवेदन खुणांनी होईल आणि निवेदक पडद्याच्या कडेला न उभा राहता पडद्याच्या थेट खाली, त्याच चौकटीत बसेल, म्हणजे प्रेक्षकांच्या माना वळणार नाहीत, अशी सूचना मुलांकडून आली. ती मी फोनवर कळवली, तेव्हा त्यांनी पडद्याची उंची किती ठेवायची ते विचारले आणि खाली एक फूट जागा सोडून नवा पडदा शिवून आणतो, असे सांगितले.