खुर्चीने फेकलं तरच मिळणारं घड्याळ

पायलटचं घड्याळ घालणाऱ्या बहुतेकांनी विमान चालवलेलं नसतं. माझ्या मामाकडे एचएमटी पायलट होतं. काळी तबकडी, पांढरे ठसठशीत आकडे, रोज सकाळी दात घासायच्या आधी किल्ली. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचा आणि विमान त्याने पाहिलं ते फक्त खालून. पण एचएमटीने कुणाला लायसन्स विचारलं नाही. १९६१ पासून बंगळूरच्या कारखान्यात जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने घड्याळं बनू लागली आणि जनता, पायलट, जवान अशी नावं घेऊन ती देशभर मनगटांवर चढली. लग्नात जावयाला, नोकरी लागली की मुलाला. मनगटावर पायलट बांधून माणूस एसटीच्या रांगेत उभा राहायचा आणि त्यात कुणाला काही विसंगत वाटत नसे.

त्याच्या बरोबर उलट टोकाची घड्याळं मला अलीकडे भेटली. प्रत्यक्षात नाही, फोटोतच. ती पैसे असले तरी मिळत नाहीत. एखाद्या हवाई दलाच्या एका ठरावीक स्क्वाड्रनसाठी, म्हणजे विमानं आणि माणसांच्या एका तुकडीसाठी, ती बनतात. तबकडीवर त्या स्क्वाड्रनचं चिन्ह, मागच्या झाकणावर विमानाची आकृती, कधी घेणाऱ्याचं नाव किंवा त्याच्या विमानाचा शेपटीवरचा क्रमांक. तुम्ही त्या स्क्वाड्रनचे आहात हे दाखवायचं, मग ऑर्डर द्यायची. आणि हो, पैसेही स्वतःचेच भरायचे. सरकार देत नाही.

पूर्वी सरकार देत असे, आणि म्हणूनच परतही घेत असे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाची दिशादर्शक घड्याळं ५५ मिलिमीटर व्यासाची होती. मनगटावर ती मावतच नाहीत. जाड कातडी जाकिटाच्या बाहीवरून लांब पट्ट्याने बांधायची. किल्लीचा गोंडाही कांद्याएवढा, कारण तो हातमोजे घालूनच फिरवायचा. लांगे, लाको, स्टोवा, वेम्पे आणि स्विस आयडब्ल्यूसी, पाच जणांनी एकाच सरकारी आराखड्याबरहुकूम ती बनवली. मोहीम संपली की घड्याळ परत जमा.

इंग्रजांचं मार्क ११ दिसायला याहून साधं. १९४० च्या दशकाच्या शेवटी आयडब्ल्यूसी आणि जेगर-लकूल्त्र यांनी ते रॉयल एअर फोर्ससाठी बनवलं. विमानातल्या उपकरणांच्या चुंबकत्वाने वेळ बिघडू नये म्हणून यंत्राभोवती मऊ लोखंडाची डबी, आणि तबकडीवर सरकारी मालमत्तेची खूण असलेला बाण. पट्टा अडकवायच्या दांड्या मात्र कायमच्या जोडलेल्या, म्हणजे खटका निसटून सरकारी घड्याळ कुठे पडायला नको. या एका तपशिलावर मी फिदा आहे. वैमानिक बाहेर पडू शकतो, पॅराशूटने कुठेही उतरू शकतो, पण घड्याळ हरवता कामा नये. स्टोअरकीपरच्या मनाचा इतका स्वच्छ पुरावा दुसरीकडे सापडणार नाही.

तेव्हा या घड्याळांना कामच तसं होतं. ढगात शिरलेल्या वैमानिकाजवळ तीनच गोष्टी असत: होकायंत्र, वेगमापक आणि घड्याळ. अमुक दिशेला, अमुक वेगाने, इतकी मिनिटं, मग वळायचं. ताशी ४०० किलोमीटर वेगाने जाणारं विमान एका सेकंदात १११ मीटर पुढे जातं, म्हणजे घड्याळ अर्धं मिनिट चुकलं तर तुम्ही तीन किलोमीटर भलतीकडे. फ्रेंचांनी १९५० च्या दशकात टाइप २० नावाचा आराखडा काढला, त्यातली मुख्य अट याच गणितातून आलेली. साध्या स्टॉपवॉचला थांबव, शून्यावर आण, पुन्हा सुरू कर, अशा तीन दाबण्या लागतात. या घड्याळात एकाच दाबणीत काटा शून्यावर उडी मारून तिथूनच पुढे धावू लागतो. वळणावर वैमानिकाला तीनदा बोट हलवायला सवड नसते. ब्रेगे, दोदान, ओरिकोस्त, व्हिक्सा अशा कंपन्यांनी ती घड्याळं पुरवली.

आणि आता? कॉकपिटमध्ये वेळ उपग्रहाकडून येते, पडद्यावर दिसते, सेकंदाचा अंशही चुकत नाही. मनगटावरच्या घड्याळावाचून आजच्या लढाऊ विमानाचं काही अडत नाही. अमेरिकेचं यू-२ हे हेरगिरीचं विमान ७०,००० फुटांच्या वर उडतं. त्याच्या वैमानिकांच्या स्क्वाड्रनसाठी ब्रेमाँ या इंग्रजी कंपनीने यांत्रिक घड्याळ बनवलं होतं, आणि त्यावरूनच पुढे दुकानातलंही यू-२ निघालं. पण २०१८ मध्ये त्याच वैमानिकांना जीपीएसवालं गार्मिन दिलं गेलं, दिशादर्शनाची राखीव सोय म्हणून. काम गार्मिन करतं.

मग ही चक्र-दात्यांची घड्याळं आजच इतकी का निघताहेत? मला वाटतं, कामातून मोकळं झाल्यामुळेच. मार्क ११ सरकारचं होतं, त्यावर वैमानिकाचं नाव कशाला असेल? आता घड्याळाला दुसरं काहीच करायचं नाही, तेव्हा ते तुमचं नाव सांगतं, तुमची माणसं कोण ते सांगतं. स्क्वाड्रन ही चीज तशीच आहे. प्रत्येकीला क्रमांक, टोपणनाव, ब्रीदवाक्य, बाहीवरचं कापडी चिन्ह. आपल्याकडे १ क्रमांकाची टायगर्स, १७ ची गोल्डन अ‍ॅरोज, १८ ची फ्लाइंग बुलेट्स. परमवीरचक्र मिळालेले निर्मलजित सिंग सेखों या १८ चे. पुण्याच्या लोहगावला २००२ मध्ये पहिली सुखोई-३० एमकेआय विमानं घेणारी २० क्रमांकाची लायटनिंग्ज. विमानं बदलतात, माणसं निवृत्त होतात, क्रमांक राहतो. घराण्याला आडनाव असतं तसं.

हे आडनाव विकायलाही काढतात, हा भाग मला खटकतो. आयडब्ल्यूसीने अमेरिकन नौदलाच्या स्क्वाड्रन्ससाठी खास घड्याळं काढली, फक्त त्यांच्या माणसांसाठी. पुढे ब्लू एंजल्स, रॉयल मेसेस आणि टॉपहॅटर्स यांची नावं घेऊन दुकानातही घड्याळं आली, कुणीही घ्यावीत अशी. टॉपहॅटर्स १९१९ पासूनची. शंभर वर्षांचं नाव, आणि ते मिळवायला आता कार्ड मशीनला लावायचं. मामाचं पायलट निदान कुणा विशिष्ट माणसाचं असल्याचा दावा करत नव्हतं.

ब्राइटलिंगचा किस्सा मात्र मला आवडतो. १९८३ मध्ये इटालियन हवाई दलाच्या कसरती करणाऱ्या फ्रेचे त्रिकोलोरी या पथकाच्या वैमानिकांबरोबर बसून त्यांनी घड्याळ बनवलं. सगळीकडे बॅटरीवरच्या क्वार्ट्झ घड्याळांचा सुळसुळाट झालेला आणि स्विस यांत्रिक घड्याळवाले गुडघ्यावर आलेले, ते हे दिवस. कडं हातमोज्याने फिरवता यावं म्हणून त्यावर चार उठावदार पट्ट्या बसवल्या. पुढच्याच वर्षी त्यावरून क्रोनोमॅट बाजारात आलं आणि कंपनीला पुन्हा उभं राहायला त्याने हात दिला. म्हणजे वैमानिकांनी घड्याळासाठी केलं ते घड्याळाने त्यांच्यासाठी केल्याहून जास्त.

पण शीर्षकातलं घड्याळ अजून राहिलंच.

मार्टिन-बेकर ही इंग्लंडमधली इजेक्शन सीट, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची, बनवणारी कंपनी. जेम्स मार्टिन आणि कॅप्टन व्हॅलेंटाइन बेकर यांनी १९३४ मध्ये ती काढली, विमानं बनवायला. १९४२ मध्ये बेकर स्वतःच्याच कंपनीच्या नव्या विमानाची चाचणी घेताना गेले. मित्राच्या जाण्यानंतर मार्टिन यांचं सगळं लक्ष वैमानिक वाचवण्याकडे वळलं. २४ जुलै १९४६ रोजी बर्नार्ड लिंच ताशी ३२० मैलांनी उडणाऱ्या मीटिअर विमानातून त्यांच्या खुर्चीसकट बाहेर फेकला गेला, उडत्या विमानातून जिवंत माणसावरची त्या खुर्चीची पहिली चाचणी. लिंच वैमानिक नव्हता, कंपनीतला फिटर होता. खरोखरच्या संकटात हँडल ओढून वाचलेला त्यांचा पहिला माणूस १९४९ चा, जो लँकेस्टर. ते पुढे शंभर वर्षं जगले. तेव्हापासून या खुर्च्यांनी साडेसात हजारांहून अधिक जीव वाचवले आहेत.

१९५७ मध्ये कंपनीने इजेक्शन टाय क्लब काढला. वर्गणी नाही, शिफारस नाही, ओळख चालत नाही. मार्टिन-बेकरच्या खुर्चीने तुम्हाला विमानातून बाहेर फेकून जीव वाचवला पाहिजे. मग टाय मिळतो, पिन मिळते, प्रमाणपत्र मिळतं.

ब्रेमाँने मार्टिन-बेकरबरोबर घड्याळ केलं ते याच वळणाचं. सेकंदकाट्याच्या शेपटीला खुर्चीच्या हँडलसारखी पिवळी-काळी पट्टेरी वळी. चाचणीसाठी पुतळ्याच्या मनगटावर बांधून खरोखरच्या खुर्चीसकट उडवलेलं. त्याचं मधलं कडं नारिंगी, हिरवं, करडं अशा रंगांत कुणालाही मिळतं. लाल कडं मात्र फक्त फेकल्या गेलेल्यांना. ते भेट मिळत नाही, विकत घ्यायचा हक्क मिळतो. मरणाच्या दारातून आलेल्या माणसालाही बिल द्यायचं, हा खास इंग्रजी व्यवहार. (आपण निदान शाल-श्रीफळ दिलं असतं.)

खुर्ची उडते तेव्हा शरीरावर वजनाच्या बारा-पंधरा पट भार येतो. मणके दबतात, काहींची पाठ कायमची धरते, काही पुन्हा लढाऊ विमानात बसू शकत नाहीत. तबकडीमागे इतकं सगळं असलेलं घड्याळ हौशी संग्राहकाला हवंहवंसं वाटावं हे मी समजू शकतो. पण ते त्याने घ्यावं कसं? विकणारा सापडला तरी लोक विचारणारच, ‘कुठून उडी मारलीस?’

भारतीय वैमानिकांच्या बाबतीत तर यात एक विचित्र लॉटरी आहे. जग्वार, मिराज-२०००, हॉक, तेजस, रफाल यांत मार्टिन-बेकरच्या वंशातली खुर्ची. मिग आणि सुखोईत रशियन. मार्च २०२४ मध्ये जैसलमेरजवळ तेजस पडलं, वैमानिक सुखरूप बाहेर आला. तो या क्लबला पात्र. पण ज्या मिग-२१ मधून आपल्या वैमानिकांनी साठ वर्षांत किती वेळा उडी घेतली असेल, त्याची खुर्ची या हिशेबात नाही. जीव तेवढाच वाचला, पाठ तेवढीच दुखली, टाय नाही.

मिग-२१ नाशिककरांचं. ओझरला १९६० च्या दशकात हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना निघाला तो याच विमानासाठी, आणि आमच्याकडे आकाशात आवाज झाला तर वर न बघणारा माणूस पाहुणा समजावा. मिग-२१ एफएलला हवाई दलात टाइप-७७ म्हणत. बंगळूर वॉच कंपनी नावाच्या अलीकडच्या छोट्या कंपनीने त्याच्यावरून माक-१ नावाचं घड्याळ काढलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला मिग-२१ ने शेवटचा निरोप घेतला, तेव्हा मी त्या घड्याळाचे फोटो मोबाइलवर उघडून आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकांकडे गेलो. काका हवाई दलात इन्स्ट्रुमेंट फिटर होते. विमानातली यंत्रं उघडणं, तपासणं, परत बसवणं यात उमर गेली.

त्यांनी मोबाइल हातात घेऊन फोटो बोटांनी मोठा केला. आधी काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘कॉकपिटमधलं घड्याळ बघितलंयस का तू?’ मी नाही म्हटल्यावर सुरू झाले. रशियन घड्याळ, एका तबकडीत तीन: मोठ्यात वेळ, वरच्या छोट्यात उड्डाणाचा काळ, खालच्या छोट्यात स्टॉपवॉच. डाव्या बाजूची लाल खुंटी फिरवून किल्ली द्यायची. आतून गरम ठेवायची सोय, नाहीतर उंचीवर तेल गोठतं. हे सगळं ते हवेत बोट फिरवून दाखवत होते, आणि बोट बरोबर तिथेच थांबत होतं जिथे ती खुंटी असणार.

‘म्हणजे वैमानिकाच्या मनगटावर काही का असेना,’ मी म्हटलं, ‘खरं घड्याळ तुमच्या ताब्यात.’

‘आमच्या कसलं, स्टोअरच्या,’ काका म्हणाले. ‘आणि हे स्क्वाड्रनचं म्हणतोस ते फिटर लोकांना पण देतात का?’

काही ठिकाणी ग्राउंड क्रूलाही घेता येतं, मी सांगितलं. मग किंमत सांगितली. ब्रेमाँची, रुपयांत, लाखांमध्ये. काकांनी मोबाइल परत दिला.

‘सर्व्हिसिंग?’

चार-पाच वर्षांनी, म्हटलं, पुन्हा हजारोंत.

‘त्याला पाठव इकडे,’ काका म्हणाले. ‘सहाशेत करून देतो.’