लाल माती टाकण्याआधी खालचा थर फोडा

बंगल्याचं किंवा फार्महाउसचं बांधकाम आटोपलं की लॉनची घाई सुरू होते. जागा सपाटच असते, म्हणून वर चार इंच लाल माती पसरायची, तयार गवताचं कार्पेट अंथरायचं आणि मोकळं व्हायचं, असा सर्रास प्रकार चालतो. पहिले दोन-तीन महिने लॉन सुरेख दिसतं. पावसाळ्यात मात्र पाणी साचून पिवळे पट्टे पडतात आणि मार्चमध्ये रोज पाणी देऊनही गवत करपतं. दोन्हींचं मूळ एकच आहे. मिक्सर, जेसीबी आणि विटांचे ट्रक यांच्या खाली दबलेली काळी माती तशीच राहिलेली असते. पाणी लाल मातीतून उतरून त्या थरावर अडतं, मुळंही तिथेच अडतात. लाल मातीच्या ब्रासमागे (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) पैसे मोजण्याआधी खाली सबसॉयलर, म्हणजे खोलवरचा कडक थर फोडणारं ट्रॅक्टरचं फाळाचं अवजार, फिरलाच पाहिजे.

आधी थर किती खोल आहे ते बघा. जागेला पाणी देऊन दुसऱ्या दिवशी टोकदार केलेली १० मिमीची सळई हाताच्या जोराने दाबा. चार-पाच इंचांवर ती अडली, तर तिथे कुदळीने दीड फुटाचा खड्डा घ्या. दबलेली माती आडव्या पापुद्र्यांनी सुटते, तिच्यात मुळं नसतात. हा थर कुठे संपतो ते टेपने मोजा, कारण फाळ त्याच्याखाली दोन-तीन इंच गेला पाहिजे. तो थरातच चालला तर नुसती चीर पडते. खड्डा पाण्याने भरा, जिरल्यावर पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी सकाळपर्यंत तसंच असेल, तर माती फोडून भागणार नाही, पाणी बाहेर काढायला चरही लागेल.

गाड्या रुतू नयेत म्हणून टाकलेला मुरूम, काँक्रीटचे गोळे, बाइंडिंग वायर, सिमेंट धुतलेल्या पाण्याची खपली हे सगळं आधी उचलून बाहेर न्या. पाइपलाइन, केबल आणि सेप्टिक टँक यांच्या जागी खुंट्या ठोका. मोठ्या झाडाच्या पसरलेल्या फांद्यांखाली फाळ घालू नका, तिथे हातानेच काम करा.

ओलीचा अंदाज चुकला तर बाकी सगळं वाया जातं. ओल्या काळ्या मातीत सबसॉयलर ओढला तर माती तडकत नाही, फाळाच्या बाजूंनी चोपून गुळगुळीत होते. एक फूट खोलीवरची माती तळहातावर वळून बघा. पेन्सिलीएवढी वळी न तुटता झाली तर थांबा, वळताना भुगा झाला तर ट्रॅक्टर बोलवा. मे महिन्यातली कडक वाळलेली काळी जमीनही सोपी नसते, तिच्यातून मोठाले ढेपे उपटून येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये जमीन सुकत असतानाचा काळ सगळ्यात चांगला.

एका फाळाच्या सबसॉयलरला दीड फूट खोलीसाठी ४५ ते ५० एचपीचा ट्रॅक्टर लागतो. ओळींमधलं अंतर खोलीच्या दीडपट ठेवावं, असं सांगितलं जातं. पण दीड फुटाच्या दीडपट म्हणजे सव्वादोन फूट, आणि या ट्रॅक्टरचं मागचं चाकही फाळापासून साधारण तेवढ्याच अंतरावर असतं. म्हणजे चाक नेमकं मागच्या तासावरून (फाळाने फोडलेल्या ओळीवरून) जातं आणि मोकळी केलेली माती पुन्हा दाबतं. म्हणून तीन फुटांवर तास घ्या आणि दुसरी फेरी तिरपी मारा. दगड लागून शिअर बोल्ट (फाळ वाचवण्यासाठी आधी तुटणारा बोल्ट) तुटला तर तसाच बोल्ट घाला. त्याजागी जास्त ताकदीचा घातला तर पुढच्या दगडाला फाळाची दांडीच वाकेल.

मिनी ट्रॅक्टरला सबसॉयलर ओढवत नाही. त्याच्या कल्टिव्हेटरचे (अनेक फणांच्या अवजाराचे) एकाआड एक फण काढले तर उरलेले जास्त खोल जातात, दोन-तीन फेऱ्यांत आठ-नऊ इंच मिळतात. पलटी नांगर मात्र नको, तो खालची चुनखडी आणि मुरूम वर आणतो.

यानंतर कल्टिव्हेटरच्या आडव्या-उभ्या दोन फेऱ्या. हरळी आणि लव्हाळा ही तणं असतील तर रोटाव्हेटरला (फिरत्या पात्यांनी माती बारीक करणाऱ्या अवजाराला) इथे हात लावू नका. त्याची पाती काशांचे (हरळीच्या जमिनीखालच्या खोडांचे) तुकडे करतात, लव्हाळ्याच्या गाठी सुट्या करतात आणि प्रत्येकातून नवा कोंब येतो. कल्टिव्हेटरने वर आलेल्या काशा उन्हात वाळू द्या, वेचून जाळा. लव्हाळ्यासाठी पाणी देऊन तीन आठवडे थांबा आणि उगवलेला गाठीसकट खणून काढा. लॉन लागल्यावर हे काम दसपट अवघड होतं.

मग खत. गुंठ्यावर एक इंच थर द्यायला सुमारे ९० घनफूट, म्हणजे ब्रासला थोडं कमी शेणखत लागतं. ते पूर्ण कुजलेलंच घ्या, अर्धवट कुजलेल्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तणाचं बी येतं. काळ्या मातीत थोडी वाळू मिसळून ती मोकळी होते, ही समजूत सोडून द्या. वाळू फार मोठ्या प्रमाणात घातली तरच फरक पडतो. जिप्समचा उपयोग चोपण (सोडियम जास्त असलेल्या) जमिनीत होतो, म्हणून आधी माती तपासून घ्या.

रोटाव्हेटर एकदाच, चार-पाच इंच खोल, मागची फळी थोडी उचलून. माती पिठासारखी करण्याचा मोह टाळा. पीठ झालेली माती पहिल्याच पाण्याला बसते आणि वर खपली धरते. शिवाय पुन्हा पुन्हा फिरवलेल्या रोटाव्हेटरच्या पात्यांखाली नवा कडक थर तयार होतो.

लेव्हलरने घरापासून बाहेरच्या बाजूला दहा मीटरला १० ते २० सेंमी उतार द्या. ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास वजनाचा असतो आणि मोकळ्या मातीवर बहुतेक दाब पहिल्याच फेरीत बसतो. त्यामुळे काम लांबच्या टोकापासून फाटकाकडे करत या आणि चाकांचे माग शेवटी हाताने दाताळ्याने मोडा. स्प्रिंकलरने दोन-तीनदा भिजवून माती बसू द्या. खड्डे दिसतील, तिथे लाल माती भरा. वाफसा आल्यावर पाण्याने भरलेला १०० ते १५० किलोचा हातरोलर एकदा फिरवा. टाच अर्धा इंच रुतली तर कार्पेट अंथरायला हरकत नाही. त्याहून जास्त रुतली तर पुन्हा पाणी द्या आणि थांबा, जड रोलर आणू नका.