पुठ्ठ्याच्या आत लिहिलेलं

आमच्या तुकडीतले बहुतेक जण मला ‘बँकेतली’ म्हणूनच ओळखतात. सहकारी बँकेत मी बरीच वर्षं नोकरी केली हे खरंच आहे. पण त्याच वर्षांत संध्याकाळी आणि रविवारी पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात बसून मी पुस्तकं शिवायला शिकत होते. हे कुठल्याही स्नेहमेळाव्यात मी बोलले नव्हते. आता नोकरी सोडून पूर्णवेळ तेच करते. जुनी पुस्तकं, हिशेबाच्या वह्या, संस्थांची रजिस्टरं माझ्याकडे दुरुस्तीला येतात. ‘वर्गातल्यांना ठाऊक नसलेलं काही लिही,’ असं शाळेच्या स्मरणिकेच्या संपादकांनी सांगितलं, म्हणून आज लिहिते आहे.

याची सुरुवात शाळेतच झाली. परीक्षा संपली की सरलेल्या वर्षाच्या वह्यांतली कोरी पानं काढून त्यांची कच्ची वही शिवायची, हा पेठेतल्या घराघरांतला उद्योग. बहुतेक जण पानं सुटी फाडून दाभणाने भोकं पाडायचे आणि सुतळी ओवायचे. कार्यानुभवाच्या बाईंनी आम्हाला सांगितलं, ‘फाडू नका. मधला टाका उसवा आणि जोडपानं तशीच काढा.’ जोडपान घडीतून शिवलं की वही पूर्ण उघडते, टेबलावर सपाट राहते आणि घडीतला कागद दोऱ्याला धरून ठेवतो. सुट्या पानाला मात्र चिकटवणं किंवा टोचणं एवढेच दोन मार्ग उरतात. पुढे त्या बोळातल्या बाइंडरकाकांकडे शिकायला गेले तेव्हा कळलं, की बाईंनी आम्हाला जुजबंदीचं मर्मच शिकवलं होतं. १६ पानांचा एकेक फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा जुडगा, घडीतून शिवायचा आणि तोच दोरा पुढच्या फर्म्यात न्यायचा. बाई आता नाहीत. त्यांचं हे ऋण मी पहिल्यांदाच छापील शब्दांत मांडते आहे.

काकांनी हात घडवला. पुस्तक दाबून धरणारा शिकंजा किती आवळायचा, मेणावरून दोरा कसा ओढायचा, चामडं रापीने कडेला किती पातळ करायचं, हे सगळं त्यांनी समोर बसवून शिकवलं. कागद हातात आला की पहिल्यांदा तो हलवून त्याचा आवाज ऐकायला त्यांनीच सांगितलं. चांगल्या कागदाचा खडखडाट स्वच्छ येतो, मरत चाललेला कागद बोदा वाजतो. आजही मी आधी कान लावते, मग डोळे. घरचे याची गंमत करतात, पण या परीक्षेने मला फार क्वचित फसवलं आहे.

एका बाबतीत मात्र मी काकांपासून वेगळी झाले. खळीला कीड लागू नये म्हणून ते तिच्यात मोरचूद घालत. शहरातले सगळेच बाइंडर घालत. मोरचुदातलं तांबं पुढे कागदालाच खातं, हे मी नंतर शिकले. म्हणून माझ्या खळीत फक्त मैदा आणि पाणी असतं. मंद आचेवर चमक येईपर्यंत ढवळायची, गार झाली की मलमलीतून गाळायची आणि लागेल तेवढीच करायची. बाजारातला पांढरा गोंद झटपट चिकटतो, हे मलाही माहीत आहे. पण तो एकदा वाळला की पाण्याला दाद देत नाही. खळ पन्नास वर्षांनीही ओल्या बोळ्याने सुटते.

माझ्या कामाबद्दल मला मनापासून सांगायचं आहे ते हेच. मी केलेलं बाइंडिंग पुढच्या माणसाला उलगडता आलं पाहिजे. कुठलीही दुरुस्ती शेवटची नसते. दोरा कधीतरी तुटणार, पुठ्ठा झिजणार, आणि तेव्हा कुणीतरी ते पुस्तक पुन्हा उघडणार. त्याला पानाला इजा न करता माझं काम काढता यावं. म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आत, अस्तराचा कागद बसवण्याआधी, मी पेन्सिलीने चार ओळी लिहिते. तारीख, खळ कसली, दोरा कसला, कोणतं पान नव्याने जोडलं. नाव लिहीत नाही. अस्तर बसलं की हे कुणालाच दिसत नाही. पुस्तकाच्या मालकांनाही मी हे आजवर सांगितलेलं नव्हतं.

काही कामं मी घेत नाही. पोथी शिवून द्या म्हणून कुणी आलं तर नाही म्हणते. पोथी सुट्या पानांचीच असते. दोन फळ्यांमध्ये ठेवून कापडात बांधायची, हीच तिची रीत. पेशवे दफ्तरातले कागदही रुमालांत बांधूनच टिकले. पानांना भोकं पाडून त्याचं पुस्तक करणं मला पटत नाही. त्याऐवजी मी कापड आणि पेटी करून देते.

पानशेतच्या पुरातून वाचलेली पुस्तकं अजूनही येतात. १२ जुलै १९६१ ला पाणी जिथवर चढलं होतं, तिथवर पानांवर तपकिरी रेघ असते, आणि घडीत बारीक गाळ बसलेला असतो. तो मी मऊ कोरड्या ब्रशने घडीतून बाहेर काढते. रेघ मात्र घालवत नाही. नारायण पेठेतल्या एका आजींना पुस्तक परत दिलं, तेव्हा त्यांनी आधी रेघ आहे का ते पाहिलं आणि मग नवं अस्तर.

आता शाळेबद्दल. अमृतमहोत्सवाच्या तयारीत शाळेचं सर्वांत जुनं जनरल रजिस्टर माझ्याकडे आलं होतं. प्रत्येक विद्यार्थ्याची जन्मतारीख, जन्मस्थान, जात, आधीची शाळा, दाखला कधी नेला, हे सगळं त्यात एका ओळीत असतं. पासपोर्टसाठी, पेन्शनसाठी, जात पडताळणीसाठी आजही माणसं शोधत येतात ती हीच ओळ. झेरॉक्सच्या काचेवर दाबून दाबून त्याचा कणा मोडला होता, आणि कुणीतरी काळजीपोटीच फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावली होती. पट्टीचा डिंक पिवळा होऊन कागदात उतरला होता.

कण्यावरच्या जुन्या सरसावर (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या चिकट पदार्थावर) खळीचा जाड थर दिला, सरस मऊ झाल्यावर हाडाच्या पट्टीने तो हळूहळू खरवडून काढला. त्याआधी शाई तपासली. बहुतेक नोंदी निळ्या-काळ्या शाईतल्या आहेत, त्या पाण्याला घाबरत नाहीत. काही ओळी साध्या निळ्या शाईत आहेत आणि ओला बोळा नुसता टेकवला तरी त्या पसरतात. त्या पानांना मी पाणी लावलंच नाही. फाटलेल्या घड्यांना जपानी टिश्यू कागद लावला. अस्तरासाठी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला सुती चिंध्यांपासून केलेला कागद घेतला. ही संस्था १९४० सालची. चिंध्यांच्या कागदाचे धागे लांब असतात, आणि रोज उघडझाप होणाऱ्या पुस्तकाला तेच उपयोगी पडतं.

हे रजिस्टर आता सपाट उघडतं. त्याची एकदाच नीट छायाचित्रं काढून ठेवावीत आणि झेरॉक्सच्या काचेवर ते पुन्हा ठेवू नये, अशी कार्यालयाला माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरं आणि तिसरं रजिस्टर अजून व्हायचं आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर दर शनिवारी दुपारी मी शाळेच्या ग्रंथालयात बसून ते काम करणार आहे. आठवी-नववीच्या ज्या मुलामुलींना हाताने काही करायची आवड असेल त्यांनी यावं, माजी विद्यार्थ्यांनीही यावं. दोरा, सुया आणि खळ मी आणेन. येताना सरलेल्या वर्षाची एक वही घेऊन या. फक्त तिची पानं फाडू नका.