कोरडी गेलेली टोपली

आधी मुरूडचा घोळ सांगतो. आम्ही औशाचे. आमच्याकडं मुरूड म्हणलं की लातूरहून बार्शीला जाताना लागतं ते मुरूड. आईनं गल्लीभर सांगून ठेवलं, "आम्ही मुरूडला चाललोय, चार दिवस." शेजारच्या काकूंनी विचारलं, "मुरूडला चार दिवस काय करता हो? कुणाचं लग्न हाय का?" मग सगळ्यांना समजावत बसावं लागलं की दापोलीकडं आणखी एक मुरूड आहे आणि त्याला समुद्र आहे. आई ६८ वर्षांची. समुद्र तिनं टीव्हीत बघितलेला, तोही बातम्यांत, वादळ आलं तेव्हा.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. होळीच्या आसपास बोअरचं पाणी खाली जातं, सबमर्सिबल मोटारी कोरड्या चालतात, जळतात आणि माझ्याकडं येतात. मार्च ते मे हाच धंद्याचा काळ. अशा दिवसांत दुकानाला कुलूप लावणं म्हणजे ऐन सुगीत जत्रेला जाणं. पण कासवाची पिल्लंही नेमकी ह्याच दिवसांत निघतात. सातवीतल्या लेकीनं वेळासच्या किनाऱ्यावर निघणाऱ्या ह्या पिल्लांचं कुठंतरी वाचलं होतं आणि दोन वर्षं माझ्यामागं टुमणं लावलं होतं. शेवटी होळीची सुट्टी धरून निघालो: मी, बायको, आई, लेक आणि सहा वर्षांचं पोरगं.

पहिलं जंगली जनावर घरापासून दोन तासांच्या आत भेटलं. येडशीला रामलिंगापाशी चहाला थांबलो, काच अर्धी खाली होती, आणि एका माकडानं धपाट्यांची पिशवी पळवली. दशम्या राहिल्या, धपाटे गेले. आई म्हणाली, "रामाच्या नावानं गेलं, जाऊ द्या." बायको मात्र बार्शी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही, कारण काच मी उघडी ठेवली होती. भिगवणला लेकीला उजनीच्या फुगवट्यावरचे रोहित पक्षी बघायचे होते. मी येताना बघू म्हणलं. येताना अंधार पडला होता. हे पाप माझ्या नावावर आहे आणि ते दर आठवड्याला मला आठवून दिलं जातं.

पुण्यात बहिणीकडं मुक्काम, पहाटे ताम्हिणी घाट, मग माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन. बागमांडल्याला सावित्री नदी समुद्राला मिळते, तिथं गाडी बोटीवर चढवून पलीकडं वेश्वीला उतरायचं. त्या बोटीला तिकडं जंगलजेटी म्हणतात. पोरानं 'जंगल' ऐकलं आणि वाघ कुठंय म्हणून रांगेतल्या सगळ्या गाड्यांखाली वाकून बघितलं. आई गाडीतून उतरायलाच तयार नव्हती. गाडी पाण्यावर उभी, आत आई पुढच्या सीटला दोन्ही हातांनी धरून बसलेली, आणि तोंडानं रामरक्षा. पलीकडं उतरल्यावर म्हणाली, "एवढं पाणी, आन् आपण टँकरची वाट बघलालाव." तिला ते खारं आहे हे सांगितलं. तिनं उतरून हाताचं बोट पाण्यात बुडवून चाखलं, थुंकलं, आणि मगच विश्वास ठेवला.

वेळास हे मंडणगड तालुक्यातलं लहानसं गाव, नाना फडणवीसांचं मूळ गाव. हॉटेलं नाहीत, गावकऱ्यांच्या घरीच राहायचं. आमच्या यजमान वहिनींनी तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि सोलकढी वाढली. आईनं भाकरी हातात घेऊन उलटसुलट करून बघितली, मग पिशवीतली कडक ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढून त्यांच्याच ताटात वाढली. दोघींचं तिथंच जमलं.

२००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं इथं कासवांचं काम सुरू केलं. त्याआधी अंडी कुत्री, कोल्हे आणि माणसं, तिघंही पळवायची. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वर येते, मागच्या पायांनी मडक्याच्या आकाराचा खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून बुजवते आणि परत जाते. पुन्हा बघायला येत नाही. गावातली माणसं पहाटे किनाऱ्यावर तिच्या खुणा शोधत चालतात, अंडी काढून जाळीच्या कुंपणात तसाच खड्डा करून पुरतात. खोली किती, तर दीड फूट. मी सातशे फुटांवरच्या मोटारी ओढून काढणारा माणूस, मला हे ऐकून हसूच आलं. वाळू किती तापते त्यावर नर की मादी ते ठरतं, ऊन जास्त तर माद्या जास्त. दीड-दोन महिन्यांत पिल्लं आपली आपण वर येतात. ती कुठं जाऊ नयेत म्हणून दिवस भरत आलेल्या खड्ड्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात.

संध्याकाळी सहाला आम्ही दीडशे माणसं त्या कुंपणाला लागून उभी. मोबाइल वर, लेकरं खांद्यावर. कार्यकर्त्या पोरानं पहिल्या टोपलीला हात घातला आणि सगळे गप्प झाले.

ती शांतता माझ्या ओळखीची होती. बोअर मारताना अशीच असते. पाणाड्यानं तळहातावर नारळ फिरवून जागा दाखवलेली, उदबत्ती लावलेली, गाडीवाला रॉडवर रॉड चढवतोय, पांढरा फुफाटा उडतोय, आणि शेताचा मालक, त्याची बायको, म्हातारा बाप, सगळे त्या भोकाकडं बघत उभे. फुफाटा जरा काळा पडला, ओलसर झाला, की कुणीतरी "लागलं!" म्हणून ओरडतं. कित्येक वेळा काहीच होत नाही. गाडीवाला पैसे घेऊन जातो, आणि घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोलत नाही.

टोपली उचलली. वाळू. दुसरी उचलली. वाळू. तिसरीखाली तर वाळूवर सुरकुतीसुद्धा नव्हती. मागून आई स्पष्ट म्हणाली, "कोरडं गेलं की रं, बापू."

आजूबाजूचे लोक वैतागले. एक गृहस्थ त्या पोराला म्हणाले, एवढ्या लांबून आलोय, एखादं तरी काढून दाखवा की. पोरगा शांतपणे म्हणाला, "त्यांची वेळ झाली की तेच येतील." मला त्या गृहस्थांचा राग आला खरा, पण पोटात मीही तेच म्हणत होतो. साडेपाचशे किलोमीटर मीही मोजले होते.

आमच्या पोराला मात्र कासवाचं काही पडलं नव्हतं. ओहोटीच्या वाळूवर त्याला मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या गोळ्यांच्या रांगा सापडल्या होत्या, एका भोकाभोवती रांगोळीसारख्या पसरलेल्या. पालथा पडून बघितलं तेव्हा कळलं. वाटाण्याएवढा खेकडा भोकातून बाहेर येतो, वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातलं खाण्यासारखं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो. गोळी, पाऊल, गोळी, पाऊल. सावली पडली की आत. आम्ही अर्धा तास श्वास धरून पडलो होतो. आईनं विचारलं, "काय करलालेत ते?" पोरगं म्हणालं, "शेंगदाण्याचे लाडू." पुढच्या भरतीनं सगळे लाडू धुऊन नेले.

सकाळी सातला पुन्हा कुंपणापाशी. ह्या खेपेला गर्दी निम्मीच, कालचे वैतागलेले झोपले असणार. पहिली टोपली कोरडी. दुसरी उचलली आणि लेकीनं माझं मनगट एवढं दाबलं की नखं उमटली. वाळूतून काळी नाकं वर आली होती. एक, तीन, आठ. कार्यकर्त्यानं हातानं वाळू सैल केली आणि एकेक पिल्लू टबात ठेवलं, २७ निघाली. एक माझ्या अगदी समोरून गेलं. काडीपेटीएवढं, रंग शाईसारखा, पाठीवर अजून वाळू चिकटलेली, आणि पुढचे दोन पाय थांबायचं नावच घेत नव्हते. हवेत धरलेलं असूनही ते पोहतच होतं. कॉइल तपासताना मोटारीला करंट दिला की रोटर नुसता थरथरतो, तसं.

"लागलं पाणी," आई म्हणाली, आणि तिनं हात जोडले.

पिल्लं थेट पाण्यात सोडत नाहीत. पाण्यापासून काही अंतरावर, दोन दोरांच्या मधल्या वाळूत ठेवतात, आणि तेवढं अंतर ती स्वतः चालतात. मोठी होऊन माद्या अंडी घालायला परत येतात ती ह्या चालण्याच्या आठवणीवर, असं त्या पोरानं सांगितलं. काही सरळ निघाली, एक उलट्या दिशेनं कुंपणाकडं चालू लागलं, एक पावलाच्या खड्ड्यात पडून पाय मारत राहिलं. कुणी हात लावायचा नाही. लाट आली, पाच-सहा उचलून घेऊन गेली, दोन परत आणून टाकली. सगळ्यात शेवटच्याला अठरा मिनिटं लागली. माझं घड्याळावर लक्ष होतं. त्या वेळात मला दोन गिऱ्हाइकांचे फोन आले आणि मी दोन्ही कट केले. सीझनमध्ये हे मी पहिल्यांदाच केलं.

परत येताना सुरूच्या झाडांवरून एक मोठा पक्षी फिरत होता, पोट पांढरं, पंखांच्या कडा काळसर. समुद्री गरुड, यजमान म्हणाले, मासे आणि समुद्रसापही उचलतो. लेकीनं लगेच विचारलं, पिल्लंही खात असेल का. त्यांनी उत्तर दिलं नाही, तिला करवंदाचं लोणचं दिलं.

समुद्राच्या मुरूडला तिसऱ्या दिवशी पोचलो. डॉल्फिनची बोट घेतली आणि ती मला आवडली नाही, हे लिहून ठेवतो. पाठीचा काळसर कणा दिसला की चार बोटी चारी बाजूंनी इंजिनं ओरडवत त्याच्यावर धावायच्या. डॉल्फिन बुडायचा, लोक चिडायचे. इंजिनाचा आवाज ऐकणं हा माझा धंदाच आहे, पंधरा मिनिटांत कान किटले. नावाड्याला म्हणलं, पाच मिनिटं बंद करा, पैसे तेवढेच घ्या. त्यानं नाखुशीनं बंद केलं. बोट हलत राहिली. मग कुठंतरी उजवीकडं, अगदी जवळ, फूस्स आवाज झाला. श्वासाचा. पोरगं म्हणालं, "पप्पा, म्हशीसारखं!" खरंच तसा होता, गोठ्यात अंधारात म्हैस श्वास सोडते तसा. दोन पाठी वळल्या आणि गेल्या. फोटो एकही नाही.

सोमवारी आई नेहमीप्रमाणं महादेवाच्या देवळात गेली, मला सोबत घेऊन. नंदीच्या पुढं फरशीत दगडी कासव आहे, त्याला हात लावून मगच ती आत जाते. त्या दिवशी ती तिथंच उकिडवी बसली आणि कासवाचे पाय बोटांनी चाचपत राहिली. मग गुरवाला हाक मारून म्हणाली, "ह्याचे पाय चुकलेत. त्याला बोटं नसतात, वल्ही असतात."

गुरव म्हणाला, "माय, हे नदीतलं असंल."

"कुठली नदी? तावरजा?" आई म्हणाली. "तावरजेत कुठं पाणी हाय?"